कळ

रेसिफेच्या सरकारी प्रसूतिगृहात
आज रात्रपाळीला या मजल्यावर आम्ही दोघीच सुइणी,
मी आणि नवी आलेली जुसारा,
जिच्या कोटाची घडीही अजून मोडलेली नाही.

चार नंबरच्या खोलीत एडिलेउझा
दुपारपासून चालते आहे.
भिंतीपासून खिडकीपर्यंत सात पावलं,
खिडकीपासून भिंतीपर्यंत कधी सात, कधी अकरा.
मध्येच छताच्या दोराला लोंबकळते,
गाईसारखी हंबरते,
आणि एकदम शुद्धीवर येऊन विचारते,
"भरती किती वाजता आहे?"

शिंपले वेचणारी बाई ती.
नदीच्या मुखाशी, तिवरांच्या चिखलात गुडघाभर उभी राहून
तिने आयुष्यभर पाण्याची वाट पाहिली
आणि पाणी एकदाही कुणाच्या सांगण्यावरून
आलं नाही की गेलं नाही.

जुसारा घड्याळाकडे बघते, मग तक्त्याकडे.
"ठिबक लावूया का?" हळूच म्हणते,
"यंत्राची एक कळ दाबायची फक्त."

खरंच आहे.
एक कळ दाबली की दुसरी येते,
तिच्यामागून तिसरी, श्वासालाही उसंत न देता.
मी दाबल्या आहेत वर्षानुवर्षं.
उताण्या झोपवलेल्या बायका, टांगलेले पाय,
आणि "लाव जोर, लाव जोर" ओरडणारे आम्ही,
बंद पडलेल्या बसला मागून लागलेल्या उतारूंसारखे.
कार्निव्हलच्या आदल्या आठवड्यात तर
ओळीने पोटं उघडायची,
डॉक्टरांना सुट्टी गाठायची असायची.
त्यातलं एक पोट माझं.
टाक्यांची रेघ दमट हवेत अजून खाजते.
मला कुणी विचारलं नव्हतं,
आणि विचारायचं असतं
हे मलाही माहीत नव्हतं.

म्हणून बस, जुसारा.
हात मांडीखाली घे. असे.
बाळाचे ठोके ऐक ठरल्या वेळी, चुकवू नकोस.
तिला काजूच्या फळाचा रस दे, घोटभर,
कंबर दाब, दिवा मंद कर,
आणि तिच्या आईला आत बोलाव,
बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत
केव्हाची जपमाळ झिजवते आहे.
बाकी
कळ काढ.

माझं कात्रीशी वैर आहे असं समजू नकोस.
मे महिन्यात व्हेरिडियानाच्या बाळाचे ठोके खाली बसले
आणि वर आलेच नाहीत,
तेव्हा ट्रॉली ढकलत धावले ती मीच.
बाळ रडलं तेव्हा
त्या सर्जनच्या रक्ताळलेल्या हातमोज्यांना
मी हात जोडले होते.
पण ठोके बसले हे ऐकायला
कुणीतरी जवळ बसलेलं असावं लागतं.

साडेतीनला एडिलेउझा म्हणाली,
"नाही होणार माझ्याच्यानं. कापा मला."
जुसारा ताडकन उठली.
मीही उठले, जवळ गेले, तिच्या डोळ्यांच्या उंचीला बसले.
"कापायचं? सांग. डॉक्टरांना आत्ता बोलावते."
तिने तोंड उघडलं, तेवढ्यात एक कळ आली,
तिला मुळापासून उचलून गेली.
मग बराच वेळ काही नाही.
मग ती म्हणाली,
"थांब. पाणी चढतंय."

जमिनीवर उकिडवी, आईच्या गळ्यात दोन्ही हात.
कुणी ओरडलं नाही.
आधी काळे ओले केस दिसले, मागे सरले, पुन्हा दिसले,
आणि मुलगी आली
गालाला एक हात लावून,
जणू वाटेत काहीतरी आठवत होती.
जुसाराने फक्त ओंजळ धरली.

नाळ निळी, जाड, अजून उडत होती.
ती थांबेपर्यंत आम्ही थांबलो.
आजी हसत होती की रडत होती
ते अंधुक उजेडात कळलं नाही.

पहाटे नोंदवहीपाशी जुसारा हात झटकत उभी.
मुंग्या आल्या होत्या बोटांना.
"'काय केले' या रकान्यात काय लिहू?"
"बाई मोकळी झाली ना?"
"झाली."
"मग रकानाही मोकळा ठेव."
तिने तरी पेन तिथेच रोखून धरलं थोडा वेळ,
सवय जायला दिवस लागतात.
खाली नदीला ओहोटी लागली होती,
आणि एडिलेउझा विचारत होती
न्याहारीला तापिओका मिळेल का, दोन.